सवलत एकाच घराला

दुकानाच्या रांगेत पुढे उभ्या जोडप्याच्या बोलण्याने शिक्षिकाबाईंचे कान टवकारले.

"काका," दुकानातला मुलगा सांगत होता, "कॉम्प्युटरची नवी सिस्टीम तीन कॉम्प्युटरवर एकदम टाकलीत तर निम्म्या किमतीत. पण तिन्ही एकाच घरातले हवेत."

"मग दोनांवरच टाका."

"अहो, दोन कसे? थोरल्या मुलाचा नाही का धरायचा?"

"तो भांडून वेगळा राहतो, विसरलीस?"

"म्हणून काय परका झाला? त्याची गादी अजून तशीच घातलेली आहे."

"ती गादी काय दुकानात दाखवणार आहेस?"

"काका, दोन की तीन?"

शिक्षिकाबाई श्वास रोखून अर्धं पाऊल पुढे सरकल्या.

"थांबा जरा. खोटं सांगून सवलत नको मला. त्याला घरी बोलवावं लागेल."

"लावू फोन?"

"तू नको. मीच लावतो."