चाक निसटलं तो दिवस

मी मूळचा मोताळ्याकडला. बाप विहिरी खंदे, मले खाली उतराचं भेव वाटे, म्हनून धाड गावाजवळ मामाच्या गावी आलो आन जीप चालवाले लागलो. बावीस वर्सं चालवली. सकाळी गावातले शाळेचे पोट्टे भरायचे, धाडच्या शाळेत सोडायचे, सांजीले परत आनायचे. लोकायचा भरोसा होता माह्यावर.

त्याच्यात एक पोरगी होती, आठवीतली. तिचं नाव नाई सांगत, तुमी बी इचारू नका. तिच्या बापाचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. पोरगी हुशार, पन बोलताना लय अडखळे. आन दहावीतला एक पोट्टा, त्याले आपन विकास म्हनू, तो समोर माह्याजवळ बसे. तो रोज दार अडवून म्हने, पयले नाव सांग, मंग चढ. ती तोंड उघडून तशीच उभी राहे, समदे हसत. शाळेत बी तेच, कोनी तिचा डबा सांडे, कोनी वही फाडे. काय सांगू तुमाले, मी बी हसो. एकडाव त मीच म्हनलं, आज नाव नाई त गाडी नाई. आमची गंमत होती ती, तिची नव्हती.

एक दिवस शाळा सुटली, गाडी भरली, आन ती चढेच ना. धावत माह्या खिडकीशी आली, दोनी हातानं माहा दंड धरला आन गा-गा-गा करू लागली. घामानं भिजलेली. मी म्हनलं, काय वं, आज गानं म्हनतं का? समदी गाडी हसली. तिनं मांगच्या चाकाकडं हात केला, मले वाटलं चप्पल राह्यली असंन. विकास म्हने, चला काका, हिचं बोलनं उद्यापरेंत चालंन. मी दंड सोडवला आन गेर टाकला. आरशात दिसे, ती मांगं पयत होती, पयतच होती.

नाल्याच्या वळनावर चाक निसटलं, गाडी पलटी झाली. बाकीच्यायले खरचटलं, विकासचा हात कोपरात मोडला आन माहा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दवाखान्यात पोलीस जमादार आला. म्हने, नट कोनी मुद्दाम सोडले का, कोनावर शक हाय? मले कवाचंच समजलं होतं. दुपारी गाडी शाळेमांगं उभी राहे, मी लिंबाखाली झोपो, आन पाना चालवनं त तिच्या घरचंच काम. नाव जिभेवर आलतं. तुमाले खोटं काऊन सांगू, पाय गेलता माहा. पन ती सांगाले आलती ना मले. म्हनलं, साहेब, सकाळी मीच चाक बदललं, नट आवळाचे राह्यले. केस माह्यावर झाली, लायसन गेलं.

मंग ती एकटीच आली दवाखान्यात. बोलाले लय येळ लागला तिले, मी थांबलो. म्हने, काका, म-म-मी केलं. म्हनलं, मालूम हाय मले. जाय घरी, कोनाले सांगू नको.

आता मी बाजारात लसून घेऊन बसतो. ती लगन होऊन दूर गेली, शिलाई करते म्हंतात. विकास येते कधीमधी, दोन लेकरायचा बाप हाय, हात काई सरळ होत नाई त्याचा. म्हने, काका, तुमी त लय जपून चालवत, नट कसे राह्यले? मी म्हनतो, राह्यले बाप्पा. खरं सांगाव का नाई, समजत नाई, आन आता तेवढा दम बी नाई माह्यात. दोघायले बी देव सुखात ठेवो.