जिथं माझा पाय चालत न्हाई

माझं माहेर कोळवण खोऱ्यातलं, आन् जन्म उलटा. म्हंजी आईच्या पोटातनं डोक्याआधी पाय भाईर आलं, सुईन घाबरली, पन आजी म्हनली घाबरू नगा, पोरगी पायाळू हाय, मानसं दार शोधत येतील हिचं. आन् तसंच झालं बगा. पायाळू मानसानं पाय लावला की पाठीतली उसण उतरती, असं आमच्याकडं धरत्यात. चालाया लागली तवापासनं लोकांच्या पाठीवर माझा पाय हाय. लगीन होऊन घोटावड्यात आली तर सासरच्या गावात माझ्याआधी माझा पाय ठावका. हसताय व्हय, हसा, पुन्याची मानसं आदी हसत्यात आन् मग हळूच पाठ पुढं करत्यात.

आता हितं शेती थोडी आन् खोल्या जास्त. कंपन्या आल्या तसं आमी भाताच्या खाचरात खोल्या बांधल्या, भाडेकरू ठिवले. त्यातलाच समाधान, हिंगोलीकडचा, कंपनीत कामाला, बायको रेखा आन् एक पोरगी, नुकती चालाया लागलेली. रेखा लई गुनी, पन तोंडानं सुसाट, माझ्याशी भांडायची बी आन् माझ्याच चुलीवरची भाकर मागून खायाची. मला लेक न्हाई, म्हनून सांगते, ती लागली हुती मला लेकीवानी.

तर काय सांगू तुमाला, एका रैवारी सकाळी समाधान तिला धरून माझ्या वट्यावर घेऊन आला. मावशी, हिची मान-पाठ धरलीया, काल पान्याचं हंडं उचललं, जरा पाय लावा. बायका जमल्या, सगळ्या म्हनत्यात लावा की मावशी, लावा. मी पदर खोचला, पाय धुतला, आन् तिच्याकडं बगितलं तर तिनं डोळ्यावर वढणी घेतल्याली. ऊन सोसंना म्हनली. अंगाला हात लावला तर तवा. उलट्या बी झाल्या हुत्या, डोकं फुटतंय म्हनत हुती. आता उसण भरल्यावर ताप कशाला येतोय? हनुवटी छातीला लाव म्हनलं, तर मान खाली जाईचना, लाकडावानी ताठ, आन् किंचाळली. मला म्हनली, आई, आज सकाळी लवकर उठलीस का? मला कदी आई म्हनत न्हवती ती. भांबावली हुती.

मी पाय मागं घेतला. म्हनलं, हे माझं काम न्हाई, गाडी काढा. एक म्हनली भाईरचं असंल, लिंबू उतरा. म्हनलं लिंबाचं सरबत कर आन् तूच पी. माझ्या मालकांनी टेम्पो काढला, आमी पिरंगुटला गेलो, तितल्या डॉक्टरनं बगितलं आन् लगीच शिरंतनं इंजेक्शन दिऊन अँब्युलन्सनं पुन्यात मोठ्या हॉस्पिटलात धाडलं.

तितली डॉक्टरीनबाई म्हनली, मेंदूवर पातळ आवरन असतंय, त्यात जंतू शिरल्यात, मेंदुज्वर हाय. औषद चालू केलंय, थांबायची सोय न्हाई ह्यात, तासातासानं बिगडतंय. पन जंतू कोनता ते कळाया पाठीच्या मणक्यातनं पानी काढाया लागंल, सही करा. आन् हितं गाडं अडलं. समाधान सहीच करंना. गावाकडनं त्येच्या आईचा फोन, पाठीत सुई घालू दिऊ नगंस, बाई जनमाची लुळी पडती. त्यो रडतोय, रेखा आत बडबडतीया.

मी डॉक्टरीनबाईला म्हनलं, सुई कुटं घालनार ते दावा. तिनं माझ्याच कमरंवर बोट ठिवलं, हितं, म्हनली, मज्जेची मुख्य दोरी ह्याच्या वरच संपती, म्हनून हितं तिला धोका न्हाई, हिला सुई द्यायच्या आदी आमी सगळं तपासलंय. मला पटलं. मी समाधानला म्हनलं, आरं, बायकोची पाठ तू माझ्या भरवशावर आनली हुतीस का न्हाई? तीच पाठ आता मी ह्या बाईच्या हवाली करतीया. लुळी पडली तर माझ्या दारात आनून ठेव, मरंपतुर करीन मी तिचं. कर सही. केली त्येनं.

पानी कसं निगालं ठाव हाय का, नितळ पायजे हुतं, ते तांदूळ धुतल्यावानी गढूळ. त्यावरनं नेमकं औषद ठरलं, सलाईनमधनं दिवसच्या दिवस चाललं. तिच्या जवळच्या आमा सगळ्यांना गोळ्या दिल्या, म्हनले हा जंतू थुकीतनं, खोकल्यातनं जवळच्यांना लागतोय. रेखाच्या लहानगीचं लशीचं डोस गाव सोडल्यावर राहिल्यालं, ते मी स्वता उपकेंद्रात नेऊन पुरं केलं. टोचल्यावर ताप येतोय म्हनून बाया चुकवत्यात. म्हनलं तो ताप दोन दिसाचा गं, हा ताप बगितलाय का? सगळ्या जंतूंवर लस न्हाई म्हनत्यात, पन जेवढं अडतंय तेवढं तरी अडवावं.

रेखा चालत घरी आली. लुळी न्हाई, काय न्हाई. फकस्त त्या तापात डावा कान गेला. डॉक्टरांनी कान तपासला तवा कळलं, तवर मला वाटायचं ही मुद्दाम ऐकंना, जुनी सवय.

अजून मानसं येत्यात माझ्याकडं. मी आदी कपाळाला हात लावते, हनुवटी छातीला लाव म्हनते. ताप आन् ताठ मान संगट दिसली की पाय उचलत न्हाई, पिरंगुटचा रस्ता दावते. पायाळूपनाचा मान मला कळतोय, म्हनूनच.

परवा रेखा मला म्हनली, मावशी, रातीला मी डाव्या कुशीवर झोपते, म्हंजी चांगला कान वर राहतोय, पोरगी उठली की कळतंय. तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसले आन् म्हनलं, औक्षवंत हो गं पोरी. ऐकलं तिनं. म्हनली, मावशी, आज चुलीवर भाकर न्हाई का?