समोरच्या फूटपाथवरून

मी, खाली सही करणारी, वय २८, नोकरी वाहतूक सिग्नल देखभाल तंत्रज्ञ, राहणार वर्कशॉपमागची कर्मचारी वसाहत, वरचा मजला, एकटी, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते ती हकीकत अशी:

बेपत्ता इसमासोबत मी गेल्या हिवाळ्यापासून पहाटे चालत होते. त्यांचे नाव मला आज इथे कळले.

पहाटे का चालता, असे विचारल्यावरून सांगते की, त्या वेळी सिग्नल नुसते पिवळे लुकलुकतात. कोणाला थांबावे लागत नाही. शटर बंद असतात. बेकरीच्या मागच्या दारातून गरम पावाचा वास येतो. आपल्याच बुटांचा आवाज भिंतींवरून परत येतो. कोणी काही विचारत नाही. मला ते आवडते. दुसरे कारण नाही.

ते समोरच्या फूटपाथवरून चालत. मी पुढे गेले तर ते पावले लांब टाकत. ते मागे राहिले तर मी बुटाची नाडी बांधत असे. या सोमवारपर्यंत बोलणे कधी झाले नाही. नाक्यावरचे पेपरवाले एकदा मला म्हणाले, "किती दिवस अबोला धरणार, ताई? नवरा आहे तो, एका फूटपाथवर या की!" मी पेपर घेतला. त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पेपरवाल्यांनी तेच बेपत्ता इसमाच्या धाकट्या बहिणीला सांगितले. त्यामुळे आज ठाण्याच्या दारातच बहिणीने माझा हात धरून विचारले, "वहिनी, दादा कुठंय हो?" मी त्यांची वहिनी नाही. तसे सांगितल्यावर त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याला कोणीच नव्हतं?"

सोमवारी पहाटे पाच वाजता चौकातला सिग्नल लुकलुकायचा थांबून लाल-हिरवा चालू झाला. एरवी तिथून ते डावीकडे वळतात, मी उजवीकडे. त्या दिवशी ते वळले नाहीत. खांद्याला बॅग होती. रस्ता रिकामा होता, तरी ते लाल दिव्याला थांबले. मीही थांबले. ते पलीकडून म्हणाले, "आज मी सरळ जातो." मी "बरं" म्हणाले. हिरवा लागला, ते गेले. तो रस्ता लांबच्या गाड्यांच्या स्टँडकडे जातो. तिथे लवकर चौकशी व्हावी.

तिथला लाल दिवा चाळीस सेकंदांचा आहे. वेळ मीच लावलेली आहे.

त्यानंतरही मी रोज त्याच वेळी जाते. नाडी बांधावी लागत नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. सुरुवातीला "सोबत" असा शब्द पडला आहे. तो खोडून "समोरून" करू का, असे त्यांनी विचारले. राहू द्या, असे सांगितले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.