चोंदलेली नळी

डोळे तपासायला शेगावच्या दवाखान्यात आलेल्या शालूबाईंच्या बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. समोर काचेपलीकडे त्या बहिणीचा नवरा निजला होता.

"दादा, ह्यायच्या दंडात केसाएवढ्या दोन नळ्या घातल्या. एकीतून औषध जाते, दुसरीतून मांसातलं पाणी थेंबथेंब येते. अंगात फवारणीचं किती इख उरलं, ते मशीन सांगते."

"पण फवारताना तोंडाले फडकं होतं ना, वच्छे?"

"होतं. पंपाचं नोजल चोंदलं, तं फडकं काढून तोंडानं फुंकलं."

"बीटी कपाशीले फवारा लागतच नाही म्हणे!"

"मंग बोंडअळीले सांग जाऊन."

मशीन टीं टीं करू लागलं.

"काय झालं, सिस्टर?"

"नळी चोंदली, ताई. घाबरू नका, बदलते."

"दादा, पाह्य! ह्यायनं डोळे उघडले."

"हाव! पण नळी काऊन उपटून राह्यले?"

"तोंडाकडे नेली... अहो, फुंकू नका!"

शालूबाईंनी चाळीस वर्षं घरच्यांना नोजल तसंच फुंकताना पाहिलं होतं. आज शिवम, त्यांचा लेक, कपाशीत पंप घेऊन गेला होता. त्यांनी त्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजतच राहिली.