बोट भरून पाहिली

तुम्हाला सांगते, बोट गळली तर काय, या एका विचारानं माझी आठवडाभर झोप उडाली होती. नवऱ्यानं सावेडीतल्या आमच्या अंगणात प्लायवूडची मोटरबोट बांधली, वरून फायबर चढवलं. रविवारी धरणाच्या फुगवट्यावर आमच्या सहा वर्षांच्या लेकीला, ओवीला घेऊन पहिली फेरी मारायची होती.

मी म्हटलं, "नळाला पाणी आलंय, आधी बोट भरून बघू."

"अगं, बोट पाण्यात घालतात. बोटीत पाणी घालत नाहीत."

"आतलं बाहेर आलं नाही, तर बाहेरचंही आत येणार नाही."

एवढं शिकून हे माझं तर्कशास्त्र. पण त्यानं पाइप लावला.

सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "लोकं टाक्या भरून ठेवत्यात, आमची सून बोट भरती."

गुडघाभर पाणी झालं, तरी खाली थेंब नाही. पाण्यात आभाळ हलत होतं. ओवी आत उतरून काठाला डोकं टेकून बसली. मीही पाय सोडले आणि कितीतरी वेळ काळजी करायची विसरले.

शेवटी म्हटलं, "ओवी, रविवारी जा हं बाबांबरोबर. चल, आता उतर."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "थांब ना आई, अजून किनारा आला नाही."