शनिवारचा खोकला

जालन्याच्या दवाखान्यात मी रिकामी बाटली घेऊन औषधाच्या रांगेत होतो. पुढं जिनिंगात सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकणाऱ्या दोघी बाया बसल्या होत्या, मधे हातभर जागा सोडून.

“गोजर, काय म्हणले डागदर?”

“क्षय न्हाई म्हणले, द्वारकाबाई.”

“बिलकुल न्हाई?”

“बिलकुल न्हाई. कापसाच्या धुळीचा खोकला हाय.”

“मंग शनिवारीच छाती का भरती तुझी? शनी लागला म्हणून तर मारुतीला तेल वाहून राह्यलीस.”

“ते बी सांगितलं. हसले न्हाईत. म्हणले, जुम्म्याला जिनिंग बंद राहती, छातीला आराम पडतो. शनिवारी रेचा सुरू झाला की धूळ नव्यानं झोंबती.”

“त्यांना काय ठाऊक तिथली धूळ?”

“काल तुमी गेल्यावर आल्ते की. रेच्यापाशी उभं राहून मालकाशी बोलू लागले, अन् दोघंबी खोकत बाहेर आले.”

“म्हणून आज सगळी दारं उघडी होती व्हय.”

“अन् मालक म्हणले, उद्यापासून बायांनी आळीपाळीनं बाहेर बसून कापूस निवडायचा. मला तर खोकला जाईस्तोवर रेचाच न्हाई.”

“सासूला सांग आधी.”

“सांगते. दिवाळीपासून माझी थाळी येगळी ठेवून राह्यली ती.”

“अन् तू अजून लांब का बसलीस? सरक इकडं. फडक्यात काय हाय?”

“एकच भाकर हाय.”

“मंग मोड अर्धी.”