पपईच्या देठाची गुडगुडी

हसू नका, पण माझं लग्न एका पपईच्या देठापायी मोडणार होतं, तेही दोनदा!

तेव्हा मी सोलापुरात मास्तर होतो. पोरांवर ओरडून ओरडून आवाज पार बसला. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ तांब्यातल्या पाण्यात बुडवायचा आणि त्यातून 'ऊ' करायचं. पाणी श्वासाला उलटा रेटा देतं, म्हणून गळ्यातले पडदे एकमेकांवर आपटत नाहीत."

मी खोलीत तेच करत बसलो होतो. तेवढ्यात माझं जिच्याशी जुळत होतं, त्या मुलीचे वडील माळशिरसहून न कळवता आले आणि बाहेर ओसरीवर बसले. बैलबाजारातले दलाल, त्यांचाही घसा फाटलेला. दाराआडून गुडगुड ऐकली आणि ते उठलेच.

"मास्तर हुक्का वढत्यात व्हय? आमी न्हाय पोरगी देत!"

मी तांब्या घेऊन बाहेर धावलो. बोलायची बंदी, म्हणून हातवारे करत नुसतं "ऊ, ऊ" करत राहिलो. शेवटी आईनं सगळं समजावलं. त्यांनी तांब्याचा वास घेतला, आतलं पाणी बघितलं आणि देठ स्वतःच तोंडात धरला. पाव तासानं मान वर करून म्हणाले,

"लई मोकळं वाटतंय की! पोरगी दिली."

लग्नात कन्यादानाची वेळ झाली, तर सासरे गायब. सगळे शोधताहेत आणि मांडवामागून गुडगुड ऐकू येतेय. माझे मामा ताडकन उठले.

"हुक्केबाजाच्या घरची मुलगी करताय? चला, उठा सगळे!"